वाघ मोजायला केवढा संगणक?

ताडोबातले वाघ मोजायचे म्हणजे आधी फोटो चाळायचे. २०१८च्या देशव्यापी गणनेत २६,८३८ ठिकाणच्या कॅमेरा ट्रॅपनी तब्बल ३ कोटी ४८ लाखांवर फोटो टिपले. त्यांत वाघाचे फक्त ७६,६५१. ही निवड आता सॉफ्टवेअर करतं, पट्टे जुळवायलाही मदत करतं. मग त्यासाठी महागडं वर्कस्टेशनच हवं का?

किमतीतला फरक थोडाथोडका नाही. २०१७ साली ॲपलच्या आयमॅक प्रो या वर्कस्टेशनची किंमत ४,९९९ डॉलरपासून सुरू होत होती, साध्या २७ इंची आयमॅकची १,७९९ पासून. जादा पैशांत मिळतात जास्त कोअर आणि चूक दुरुस्त करणारी ईसीसी मेमरी. तिच्यात दर ६४ बिटांमागे ८ पहारेकरी बिट असतात. विश्वकिरणांमुळे वा अन्य कारणानं एखादा बिट उलटला, शून्याचा एक झाला, तर ती तिथल्या तिथे सुधारते; दोन उलटले तर निदान ओरडते. दिवसेंदिवस चालणाऱ्या आकडेमोडीत हे मोलाचं. पण फोटोतला एक ठिपका बिघडला म्हणून वाघाचा पट्टा बदलत नाही! तिथं बरं ग्राफिक्स कार्ड असलेला साधा डेस्कटॉप पुरतो.

ताडोबा ज्या चंद्रपूर जिल्ह्यात आहे, तिथे संगणकाचा खरा शत्रू मे महिना. खोलीच ४५ अंशांवर गेली की प्रोसेसर जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो, मग तो कितीही महाग असो. शिवाय साध्या डेस्कटॉपचा पॉवर सप्लाय गावात मिळतो, खास बनावटीचा बाहेरून मागवावा लागतो. उरलेल्या पैशांत यूपीएस आणि दुसरी हार्ड डिस्क घ्यावी.