डाय बदलायला किती वेळ लागतो?

नाशिकच्या सातपूर किंवा अंबडमधल्या कुठल्याही प्रेस शॉपमध्ये जा. पॉवर प्रेसचा धाडधाड आवाज चालू म्हणजे धंदा चालू, हा मालकाचा ठाम समज. आवाज थांबला की केबिनमधून मान बाहेर येते. आणि तो सगळ्यात जास्त थांबतो डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, बदलताना.

ही डायबदली एकदा शेजारी उभं राहून बघावी. जॉब संपतो. सेटर पाना शोधतो, तो पलीकडच्या मशीनवर गेलेला. बोल्ट सुटतात, पण डाय उतरवायला हेल्पर हवा आणि हेल्पर डिस्पॅचची गाडी भरतोय. नवी डाय रॅकच्या तळाशी, तिच्यावर आणखी तीन. क्लॅम्पची उंची जुळत नाही म्हणून खाली पट्टीचे तुकडे सारायचे. मग एक पीस मारायचा, कडेला बर (खरखरीत कंगोरा) आला की पुन्हा सैल करायचं, पुन्हा आवळायचं. शेवटी पहिला पीस क्वालिटीवाल्याकडे, तर तो जेवायला गेलेला! दोन तास सहज जातात. त्यात डायला खरोखर हात लागलेला असतो तो वीसेक मिनिटं.

दोन तास जाणारच म्हटल्यावर मालक म्हणतो, ऑर्डर पाचशेची असली तरी पाच हजार काढून ठेवू. हिशेब वरवर चोख वाटतो, तिथेच फसगत होते. बिन पॅसेजमध्ये साठतात. नाशिकचा पावसाळा पत्र्यावर गंज चढवतो. ड्रॉइंग बदललं तर अख्खा ढीग भंगारात. आणि पत्रा आणलेला असतो बँकेच्या कॅश क्रेडिटवर, त्याचं व्याज रविवारीही चढतं. टोयोटाच्या ताइइची ओनो यांनी कारखान्यातला अपव्यय सात प्रकारांत मांडला, त्यात अतिउत्पादन त्यांनी सगळ्यात घातक मानलं. कारण बाकीची दुखणी त्या ढिगाखालीच झाकली जातात.

यावरचा उतारा जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांनी काढला. 1969 साली टोयोटातल्या हजार टनी प्रेसची डाय बदलायला चार तास लागत. सहा महिन्यांत ते दीड तासावर आलं, आणि मग वरून फर्मान निघालं की तीन मिनिटांत करा. तेही झालं. युक्ती साधी होती: मशीन बंद असताना जी कामं करावीच लागतात ती वेगळी काढायची, उरलेली सगळी मशीन चालू असतानाच उरकायची. डाय आधीच ट्रॉलीवर, पाने जागेवर, सगळ्या डायची उंची एकसारखी. लग्नघरात पंगत बसायच्या आधी आचारी भाज्या चिरून ठेवतो, तितकंच हे अवघड.

डाय झटपट बदलली की पाचशेच्या ऑर्डरला पाचशेच काढता येतात. मागणी आल्यावरच माल काढायचा, ही कल्पना नाशिकला नवी नाही. दिंडोरी-निफाडचा द्राक्ष बागायतदार व्यापारी आणि गाडी ठरल्याशिवाय घड खुडत नाही. खुडलेला माल थांबत नाही हे त्याला कोणी शिकवावं लागलं नाही. पत्र्याचा पीस डोळ्यांदेखत सडत नाही, एवढाच काय तो फरक.

दुसरं सूत्र तर मागावरचंच. येवल्याचा पैठणी विणकर धागा तुटला की हात थांबवतो, जोडतो, मगच पुढे जातो. जपानमध्ये साकिची तोयोदा यांनी ही सवय यंत्राला लावली. 1924 च्या त्यांच्या स्वयंचलित मागावर धागा तुटला की माग आपोआप थांबे. टोयोटाच्या मोटारी पुढे त्यांच्या मुलाने काढल्या, पण दोष दिसताच थांबायचं हा नियम मागावरून मोटारीच्या लाइनवर आला. आमच्याकडे अडतं ते इथे. ऑपरेटरला बर दिसतो, पण प्रेस थांबवली तर साहेब ओरडतील, म्हणून तो मारत राहतो.

या सगळ्या पद्धतीला लीन म्हणतात. नाशिकमध्ये ती मोठ्या कंपन्यांतून खाली झिरपली. महिंद्रासाठी किंवा बॉशसाठी (मायकोचं नाव बदलून 2008 पासून बॉश झालं, तरी चौक अजून मायको सर्कलच) माल करायचा तर ऑडिटला तोंड द्यावंच लागतं. काही शॉपमध्ये त्यातून खरंच शिस्त आली. पुष्कळ ठिकाणी मात्र ऑडिटच्या आदल्या रात्री पिवळे पट्टे रंगवले जातात आणि आठवड्याने त्यांच्यावर बिन उभे राहतात. काही मालकांना लीन म्हणजे कंत्राटी पोरं कमी करणं एवढंच कळलं. ज्या कामगाराने सुधारणा सुचवली त्याचीच नोकरी गेली, तर पुढच्या वेळी तिथे कोणी तोंड उघडणार नाही.

लघुउद्योगांसाठी केंद्र सरकारची लीन योजना मार्च 2023 मध्ये नव्या रूपात आली. बेसिक, इंटरमीजिएट, अॅडव्हान्स्ड अशा तीन पायऱ्या आहेत आणि सल्लागाराच्या खर्चाचा 90 टक्के भार सरकार उचलतं. जरूर घ्या. पण अर्ज भरायच्या आधी एक काम फुकटात होण्यासारखं आहे. सेटरला विश्वासात घ्या, मोबाइल स्टँडवर लावा आणि एक डायबदली पहिल्या बोल्टपासून पहिल्या चांगल्या पीसपर्यंत चित्रित करा. मग त्याच्याच शेजारी बसून ती बघा, आणि बोलू त्याला द्या.