कार्ल्याच्या पायथ्याशी मुक्काम

जुलैतला रविवार, सकाळचे साडेसहा. खिडकीतून डोंगर दिसायला हवा. दिसतंय नुसतं धुकं. रात्री वाळत घातलेला टॉवेल सकाळी जास्तच ओला लागतोय. "साहेब, गरम पाणी सातपर्यंतच," दार वाजवून पोऱ्या सांगून जातो. लोणावळ्यात मिळत होती त्या खोलीचा भाव ऐकून आम्ही दहाएक किलोमीटर पुढे कार्ल्याला उतरलोय.

खाली आवारात दोन मिनीबस उभ्या आहेत. उरणहून रात्रीच निघालेली कोळी मंडळी एकवीरेच्या दर्शनाला चालली आहेत. अंबाड्यावर अबोलीचा गजरा, हातात ओटीचं ताट. चहाचा कप माझ्याकडे सरकवत त्यांतल्या मावशी म्हणतात, "वर जावाचं हाय ना? मंग आताच चला आमच्यासंगती."

पायऱ्या निसरड्या आहेत. दोन्ही बाजूंना फुलं, नारळ, चिक्की, भाजलेली कणसं. "आई माऊलीचा उदो उदो"चा गजर वरून खाली येतोय. देवीचं देऊळ थेट कार्ल्याच्या बौद्ध लेण्यांतल्या चैत्यगृहाच्या तोंडाशीच आहे. मंडळी देवळाच्या रांगेत शिरतात, मी तिकीट काढून आत जातो.

डोळे अंधाराला सरावायला वेळ लागतो. मग वर लाकडी कमानी दिसू लागतात. सागवानाच्या, जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीच्या. कातळातल्या छताला त्यांचा आधार मुळीच नको. पण आधीची चैत्यगृहं लाकडाची, म्हणून दगडातही लाकूड बसवलेलं! दालन जवळजवळ ४५ मीटर लांब आहे. भारतातल्या कोरीव चैत्यगृहांत एवढं मोठं दुसरं नाही. खांबांवर ब्राह्मी अक्षरं आहेत. काही खांबांचे दाते धेनुकाकटचे यवन, म्हणजे ग्रीक वळणाचे लोक. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत भूमध्य समुद्राकडचा माल उतरे आणि बोरघाट चढून देशावर जाई. त्या वाटेवरच्या व्यापाऱ्यांनी इथे पैसा ओतला. समुद्रावरून आलेल्यांनी घाट चढून या डोंगरावर दान ठेवायचं, हे तेव्हापासून चालू आहे; बाहेर रांगेत उभ्या मावशी तेच करताहेत.

इंद्रायणीपल्याड भाज्याची लेणी. तिथल्या विहारांत भिक्खूंना निजायला दगडी ओटे आहेत. पावसाचे तीन महिने फिरणं बंद, एका जागी वर्षावास, असा त्यांचा नियम. तेव्हा पावसाळी मुक्कामासाठी मावळ निवडणारे आपण काही पहिले नव्हे. चेकआउटचं बंधन मात्र त्यांना नव्हतं, आम्हाला दहाला खोली सोडायची आहे.

साडेनऊला खाली येतो तर महामार्गावर लोणावळ्याच्या दिशेने गाड्यांची रांग हलतच नाहीये. भुशी धरणाच्या पायऱ्यांवर बसायला निघालेली मंडळी असावीत. त्यांनी खुशाल जावं. तुम्हाला पावसाळ्यात एकच रात्र काढायची असेल, तर कार्ल्याला उतरा, पहाटे गरम पाणी घ्या आणि गर्दीच्या आधी वर जा. लेणी सोडून नुसता धबधबा पाहून परतणं हे मावळात येऊन पैसे वाया घालवणं आहे.