नित्याच्या जीवनांत ईश्वराचें सान्निध्य

ईश्वर सर्वत्र आहे, हें ख्रिस्ती घरांतील मूल लहानपणींच शिकतें. परंतु सर्वत्र असलेला ईश्वर आपल्याजवळ आहे असें वाटणें, ही निराळी गोष्ट होय. रविवारच्या उपासनेंत मन भरून येतें. सोमवारीं चूल, बाजार, कचेरी आणि आजारपण यांच्या धांदलींत तेंच मन कोरडें पडतें. मग भाविकाला शंका येते कीं, आपली श्रद्धाच खोटी तर नसेल? या शंकेनें पुष्कळ सरळ मनाचीं माणसें आंतल्या आंत झुरतात. म्हणून ईश्वराचें सान्निध्य म्हणजे काय, याचा थोडा विचार करणें अगत्याचें आहे.

बारामती व इंदापूर या भागांत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत ऑस्ट्रेलियांतील मिशनऱ्यांनीं काम केलें. पण देवाशीं जवळीक साधण्याची भाषा या मातींत त्याहून फार जुनी आहे. देहूहून निघालेली तुकोबारायांची पालखी याच दोन गांवांवरून पंढरीस जाते. बारामतीस राहिलेल्या मोरोपंतांनीं (१७२९–१७९४) 'केकावली' या काव्यांत देवाला आर्त हांका मारल्या; मोराच्या केकेवरूनच त्या काव्यास नांव पडलें. वारकरी विठ्ठलाला माउली म्हणतो. ख्रिस्तानें आपल्या शिष्यांना देवाला पिता म्हणावयास शिकविलें. दोन्ही मार्गांचे सिद्धांत वेगळे आहेत. तरी घरांतील नात्यानें देवाला हांक मारावी, हें दोहोंनाही ठाऊक आहे.

हें मर्म नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनीं ओळखलें. १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतल्यानंतर त्यांनीं अभंग आणि कीर्तन हीं घरचीं साधनें ख्रिस्तभक्तीसाठीं वापरलीं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तचरणांपाशीं आलों, अशी त्यांची भावना होती. ज्या भाषेंत माणूस आईशीं बोलतो, त्याच भाषेंत त्यानें प्रार्थना केली म्हणजे देव परक्यासारखा दूर राहत नाहीं.

शेजारच्या दौंड तालुक्यांतील केडगांवचें उदाहरण याहून बोलकें आहे. पंडिता रमाबाईंनीं १८८३ सालीं इंग्लंडांत बाप्तिस्मा घेतला. पुढें सुमारें आठ वर्षांनीं त्यांना उमगलें कीं, आपणांस ख्रिस्ती धर्म लाभला, पण ख्रिस्त लाभला नाहीं. आपल्या आत्मनिवेदनांत त्यांनीं हें प्रांजळपणें नमूद केलें आहे. आपण आहों तशा स्थितींत ख्रिस्तावर विसंबावें, हें कळल्यावर त्यांच्या मनास स्वस्थता आली. ती स्वस्थता केडगांवच्या मुक्तिसदनांत कामाच्या रूपानें दिसली. दुष्काळानें निराधार झालेल्या स्त्रियांना तेथें आसरा व उद्योग मिळाला. अशा साध्या स्त्रियांनाही समजावें म्हणून मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलाचें सोपें मराठी भाषांतर रमाबाईंनीं हातीं घेतलें. १९२१ सालीं त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा वारली. तरी काम थांबलें नाहीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाई निवर्तल्या. त्यांचें बायबल १९२४ सालीं प्रसिद्ध झालें. शोकाच्या त्या महिन्यांत त्यांना देव किती जवळ वाटला, हें मोजण्याचें माप कोणापाशीं नाहीं. हातचें काम त्यांनीं सोडलें नाहीं, एवढें मात्र जगाला दिसलें.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. सान्निध्य आणि सान्निध्याची जाणीव या दोन वेगळ्या वस्तु आहेत. झोपलेल्या मुलाला आईची जाणीव नसते. म्हणून आई उशापासून उठून गेली, असें होत नाहीं. स्तोत्रसंहितेंतील दीडशें स्तोत्रांपैकीं कितीतरी स्तोत्रें तक्रारीचीं आहेत. वधस्तंभावर स्वतः ख्रिस्तानें बाविसाव्या स्तोत्राच्या आरंभींचा टाहो फोडला. देवानें आपल्याला टाकलें, असें वाटत असतांही तो देवालाच 'माझा' म्हणत होता. तेव्हां कोरड्या मनानें केलेली प्रार्थनाही प्रार्थनाच होय.

मग गृहस्थानें करावें तरी काय? सतराव्या शतकांत पॅरिसच्या एका मठांत ब्रदर लॉरेन्स नांवाचा साधा सेवक स्वयंपाकघरांत राबत असे. भांड्यांच्या खडखडाटांतही तो देवाशीं मनांतल्या मनांत बोलत राही. जनाबाईंच्या जात्याची कथा जाणणाऱ्या मराठी माणसाला यांत नवल वाटणार नाहीं. सकाळीं एखादें स्तोत्र, जेवणापूर्वीं दोन शब्द आभाराचे, निजण्यापूर्वीं दिवसभराच्या वागणुकीची झडती, एवढा नेम कोणत्याही घरांत पाळतां येतो. भावना आली तर तिचा आनंद मानावा. न आली तरी नेम मोडूं नये.

आणि एक कसोटी कधीं विसरूं नये. वेदीपाशीं अर्पण आणतांना भावाचा रुसवा आठवला, तर अर्पण तेथेंच ठेवून आधीं त्याची समजूत घालावी, अशी ख्रिस्ताची आज्ञा आहे. देव जवळ वाटत नाहीं म्हणून व्याकुळ झालेल्या माणसानें क्वचित् शेजाऱ्याच्या दारापर्यंत चालत जावें. पुष्कळदां तुटलेली वाट तेथूनच पुन्हां सुरू होते.