विश्लेषण : मुलुंडचे निर्वासित नागरिक झाले, पॅलेस्टिनींचे काय अडले?

फाळणीनंतर सिंध-पंजाबातून आलेली कुटुंबे मुलुंड कॉलनी, चेंबूर कॅम्प आणि उल्हासनगरात वसली. त्याच सुमारास, १९४८च्या युद्धात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी बेघर झाले. मुलुंडच्या छावणीतल्यांची नातवंडे आज मतदार आहेत. लेबनॉनच्या छावणीतल्यांची नातवंडे अजूनही निर्वासितच. असे का?

मुलुंडकरांना नागरिकत्व कसे मिळाले?

राज्यघटनेच्या अनुच्छेद ६ मुळे. स्वतः, आईवडील किंवा आजी-आजोबांपैकी कुणाचा तरी जन्म अविभाजित भारतातला हवा, ही मूळ अट. १९ जुलै १९४८ पूर्वी आलेल्यांना येथील रहिवास पुरेसा ठरला. नंतर आलेल्यांना किमान सहा महिने राहून नोंदणी करावी लागली. मागे राहिलेल्या मालमत्तेच्या भरपाईसाठी १९५४ मध्ये स्वतंत्र कायदा झाला.

पॅलेस्टिनींची स्थिती काय?

ती देशागणिक बदलते. जॉर्डनने १९५४च्या कायद्याने बहुतेकांना नागरिकत्व दिले; मात्र १९६७ नंतर गाझातून आलेल्यांपैकी बहुतेक वंचित राहिले. सीरियाने १९५६ मध्ये नोकरी-शिक्षणाचे हक्क दिले, नागरिकत्व नाही. लेबनॉनमध्ये अनेक व्यवसाय बंद आहेत आणि २००१ पासून घर विकत घेण्यासही मनाई आहे.

संयुक्त राष्ट्रे काय करतात?

‘यूएनआरडब्ल्यूए’ ही संस्था १९४९ मध्ये स्थापन झाली. तिच्याकडे सुमारे ५९ लाख जणांची नोंद आहे. ती शाळा आणि दवाखाने चालवते. नागरिकत्व देणे तिच्या हाती नाही. तिची मदत मिळणाऱ्यांना १९५१च्या निर्वासित कराराचे संरक्षण सहसा लागू होत नाही.

नागरिकत्व घेतले तर परतीचा हक्क जातो?

डिसेंबर १९४८च्या ठराव १९४ ने शांततेने राहू इच्छिणाऱ्यांना घरी परतू द्यावे, असे म्हटले. नागरिकत्व दिल्यास हा दावा दुबळा होईल, अशी अनेक अरब देशांची भूमिका आहे. पण जॉर्डनचे नागरिक झालेले पॅलेस्टिनीही संस्थेच्या नोंदीत कायम आहेत.

भारतात आज निर्वासित आला तर?

भारताने १९५१च्या करारावर सही केलेली नाही. स्वतंत्र निर्वासित कायदाही नाही. २०१९च्या दुरुस्तीचा लाभ पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती व्यक्तींनाच मिळतो. त्यानंतर सिंधहून उल्हासनगरच्या नातलगांकडे आलेल्या हिंदूला दीर्घ मुदतीचा व्हिसा आणि नेहमीच्या अर्जाचीच वाट धरावी लागते. १९४८ प्रमाणेच आजही कुणाचे भवितव्य ठरते ते तारखेवर.