सुबाभळीचे विष पचवणारा जिवाणू

सुबाभळीच्या पाल्यात साधारण २० ते २५ टक्के प्रथिने असतात. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेल्या या झाडाचा महाराष्ट्रात बाएफ संस्थेने चाऱ्यासाठी प्रसार केला. पण पाल्यात मिमोसिन हे विषारी द्रव्यही असते. जनावराच्या कोटीपोटात त्यापासून डीएचपी हे द्रव्य तयार होते आणि ते थायरॉइड ग्रंथीचे काम बिघडवते. ऑस्ट्रेलियात भरपूर सुबाभूळ खाणाऱ्या गुरांचे केस गळत, गलगंड होई, वजन घटे. हवाईतल्या शेळ्या मात्र हाच पाला खाऊन ठणठणीत राहत. फरक पोटातल्या सूक्ष्मजीवांत असणार, हे ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ रेमंड जोन्स यांनी ओळखले. निरीक्षण साधे, पण विलक्षण मोलाचे. १९८० च्या दशकात ते सूक्ष्मजीव ऑस्ट्रेलियात आणून गुरांच्या कोटीपोटात सोडले गेले आणि विषबाधा आटोक्यात आली. डीएचपीचे विघटन करणाऱ्या जिवाणूला १९९२ मध्ये जोन्स यांच्यावरूनच ‘सिनर्जिस्टिस जोनेसी’ हे नाव मिळाले. पुढे ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये असे सूक्ष्मजीव वाढवून पशुपालकांना पुरवले जाऊ लागले. कळपातल्या मोजक्या जनावरांना ते पाजले, तरी एकत्र चरताना इतरांपर्यंत पोचतात. उष्ण प्रदेशातल्या अल्पभूधारकासाठी हीच यातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे.