काठीत मला पोहे मिळाले!

काठीची होळी तुम्ही निदान फोटोत तरी पाहिलीच असेल. कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरं, डोक्यावर मोरपिसांचा टोप, अंगभर राखेची नक्षी. रात्रभर नाच, आणि होळी पेटते ती थेट पहाटे. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा तालुक्यातलं हे सातपुड्यातलं गाव त्या एका रात्री हाउसफुल्ल असतं. मी मात्र तिथे कॅमेऱ्यापेक्षा भूकच जास्त घेऊन गेले होते.

पुण्यात बँकेत नोकरी करणारा माझा एक मित्र मूळचा मोलगीकडचा. ‘तुमच्याकडे खायला काय स्पेशल?’ असं विचारलं, तर म्हणाला, ‘काही नाही गं. आमच्याकडे काय असणार?’ एरवी पुण्यातल्या प्रत्येक बिर्याणीवर अर्धा तास बोलणारा हा प्राणी!

नंदुरबारपर्यंत अडचण काहीच नाही. सुरत-भुसावळ लाइनवरचं हे स्टेशन आणि मिरचीचं मोठं मार्केट. सीझनमध्ये शहराबाहेरच्या पथाऱ्यांवर लालभडक मिरची वाळत पडलेली असते. इथल्या ढाब्यावर शेवभाजी मागवा. तर्री बघूनच घाम फुटतो, पण हात थांबत नाही. वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी, वरण-बट्टी हा सगळा खानदेशी थाट मेनूकार्डावर मिळतो. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेल्या कळण्याच्या भाकरीवर तर मी फिदाच आहे.

पण अक्कलकुवा सोडून देवगोईचा घाट चढलात, की मेनूकार्ड संपतं. मोलगीत चहा, भजी, वडापाव. होळीच्या गर्दीत चायनीजची गाडीसुद्धा दिसली. इथल्या डोंगरात जे शिजतं ते मात्र एकाही पाटीवर नाही.

काठीत मित्राच्या मावशीकडे उतरलो. मावशींनी मोठ्या कौतुकाने पुढे केले... पोहे! वर बाजारातली शेव, सोबत बिस्किटं. पाहुणीसाठी मुद्दाम आणलेलं होतं सगळं, त्यामुळे तक्रार कुठल्या तोंडाने करणार? आत चुलीवर मात्र काहीतरी रटरटत होतं आणि त्याचा वास मला बसू देईना. ‘ते काय आहे?’ मी विचारलंच. मावशी भाच्याशी भिलीत काहीतरी बोलल्या. तो जरा ओशाळला. ‘ती म्हणतेय, पुण्याची बाई हे खाईल का?’

खाल्लं. ज्वारीची जाड भाकरी, अमचूर घातलेली उडदाची दाट डाळ, मिरची-लसणाचा ठेचा. आधी डाळीचा स्निग्धपणा आणि मग मागून हळूच येणारा आंबटपणा. मी तीनदा वाढून घेतलं. पोहे तसेच राहिले, सॉरी मावशी!

अमचूर म्हणजे इथल्या घरांचा नगद पैसा. उन्हाळ्यात कैऱ्या उतरवायच्या, सोलायच्या, चिरायच्या आणि कडक उन्हात वाळवायच्या. घरातल्या बायका आणि पोरं दिवसदिवस त्यातच असतात. किलोभर अमचुराला कित्येक किलो कैरी लागते. भाव ठरवतो तो व्यापारी. पुढे तुमच्या-माझ्या चाट मसाल्यात ते जातं, पण पाकिटावर मोलगीचं नाव नसतं. भगरीचंही तसंच. आपण उपवासाला जी कौतुकाने खातो, ती या उतारांवर पिकते. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं आणि शहरात ‘मिलेट’ एकदम ट्रेंडी झालं. मावशींना ते कुणी सांगितलेलं नव्हतं.

फिलिपिन्समध्ये सिनिगांग नावाचं आंबट सूप असतं. चिंच घालून करतात, कधी पेरू तर कधी कैरी. घरोघरचं साधं जेवण, पण रेस्टॉरंटच्या मेनूवरही ते रुबाबात असतं. मग उडदाच्या डाळीचंच काय बिघडलं?

उत्तर मित्रानेच दिलं, होळी पेटायची वाट बघत बसलो होतो तेव्हा. कॉलेजच्या पहिल्या वर्षी होस्टेलवर त्याने घरचा डबा उघडला आणि शेजारच्याने नाक मुरडलं. बाकीचे हसले. ‘तेव्हापासून मी पनीर मागवतो,’ तो म्हणाला. त्याला पनीर मुळीच आवडत नाही, हे मला त्या रात्री पहिल्यांदा कळलं.

तुम्हाला जायचं असेल, तर ओळखीतल्या कुणाच्या तरी घरी जेवायची सोय आधीच करून ठेवा. हॉटेल शोधत फिरलात तर भज्यांवर भागवावं लागेल. आणि नाचणाऱ्यांच्या तोंडासमोर मोबाइल नाचवू नका, प्लीज. त्यातल्या कित्येकांचा तो नवस असतो.

परतीच्या गाडीत मित्राने बॅगेतून स्टीलचा डबा काढला. जरा इकडेतिकडे बघितलं आणि उघडला. समोरच्या बर्थवरचे काका वाकून म्हणाले, ‘वास मस्त येतोय हो. काय आहे?’

‘उडदाची डाळ,’ तो म्हणाला आणि भाकरीचा तुकडा मोडून त्यांच्यापुढे धरला. ‘बघा खाऊन. आमच्याकडची आहे.’