शेतकरी आणि शिष्टाचार : एका इंग्रजी शब्दाची कुळकथा



इंग्रजीत 'बूअरिश' असे एक विशेषण आहे. चारचौघांत मोठ्याने बोलणे, मोठ्यांचा मान न ठेवणे, दुसऱ्याचे बोलणे मध्येच तोडणे, अशा वागण्याला ते लावतात. मराठीत आपण त्याचा अर्थ 'असभ्य' किंवा 'गावंढळ' असा सांगतो. हा दुसरा अर्थ सांगताना शिक्षकांनी क्षणभर थांबावे, कारण शब्दाचे सारे मर्म तिथेच आहे.

'बूअरिश' हा 'बूअर' या नामावरून झाला. हा शब्द सोळाव्या शतकाच्या सुमारास डच व उत्तर जर्मनीतील बोलींकडून इंग्रजीत रुळला, आणि त्याचा मूळ अर्थ काय? तर शेतकरी! दुसरे काही नाही. दक्षिण आफ्रिकेत जाऊन शेती करणाऱ्या डच वसाहतवाल्यांना 'बोअर' म्हणत. १८९९ ते १९०२ या काळात इंग्रजांशी लढले ते हेच बोअर. शब्द एकच. त्यांनी तो अभिमानाने मिरवला. इंग्रजीत मात्र त्याची शिवी झाली.

गंमत अशी की, याच कुळातला एक शब्द इंग्रजीत चांगल्या अर्थाने नांदतो आहे. 'नेबर' म्हणजे शेजारी. त्याची जुनी फोड 'जवळ वस्ती करून राहणारा' अशी होते. त्यातला 'बर' आणि आपला 'बूअर' हे एकाच घरचे. वस्ती करणे आणि जमीन कसणे या दोन्ही अर्थांच्या धातूपासून ते निघाले. एक भाऊ शेजारी झाला, दुसरा असभ्य ठरला.

असे एकाच शब्दाचे झाले असते तर योगायोग म्हणता आले असते. पण सिनेमातला 'व्हिलन' घ्या. लॅटिनमध्ये 'व्हिला' म्हणजे शेतावरचा वाडा. त्या वाड्याच्या जमिनीवर राबणारा तो फ्रेंचांचा 'व्हिलेन'. इंग्लंडमध्ये हा कुळवाडी जमीनदाराशी बांधलेला असे. त्याला धन्याच्या शेतात वेठीने राबावे लागे, आणि धन्याच्या परवानगीवाचून गाव सोडता येत नसे. १३८१ साली तिथल्या शेतकऱ्यांनी बंड केले, तेव्हा ही बांधिलकी मोडा, अशी त्यांची मोठी मागणी होती. अशा राबणाऱ्या माणसाचे नाव पुढे दुष्टाला मिळाले. 'चर्ल' म्हणजे साधा गावकरी. त्यावरून 'चर्लिश' म्हणजे उर्मट.

आता चांगले शब्द पाहा. 'अर्बेन' म्हणजे सुसंस्कृत. तो लॅटिनमधील शहरवाचक शब्दावरून आला. 'कर्टिअस' म्हणजे विनयशील. तो 'कोर्ट', म्हणजे राजदरबार, यावरून. शहर आणि दरबार यांच्या वाट्याला सद्गुण, शेताच्या वाट्याला दुर्गुण! कारण उघड आहे. लेखणी दरबाराजवळ होती, नांगर शेतकऱ्याजवळ. ज्याच्या हाती लेखणी, त्याने अर्थ ठरवला.

आपण इंग्रजांना हसू नये. संस्कृत काव्यशास्त्रात 'ग्राम्य' हा शब्ददोष मानला आहे. 'सभ्य' म्हणजे सभेत शोभणारा, 'नागर' म्हणजे नगरातला. मराठीने त्यात 'गावंढळ' आणि 'कुणबट' यांची भर घातली. याच भाषेत जोतीराव फुल्यांनी १८६९ सालच्या आपल्या पवाड्यात शिवाजीमहाराजांना 'कुळवाडीभूषण' म्हटले. तुच्छतेने उच्चारला जाणारा शब्द त्यांनी मुकुटासारखा वर उचलला. आणि बाजारात 'गावठी' अंडी, 'गावठी' तूप म्हटले की शहरचे गिऱ्हाईक चार पैसे जास्त मोजते, हेही खरेच.

शिक्षकांना हे सांगायचे कारण असे. वर्गात एखादे पोर दांडगाई करते आणि आपण पटकन म्हणतो, "काय रे, गावंढळासारखा वागतोस!" त्याच बाकावर दुसरे पोर गुपचूप बसलेले असते. त्याचे आईबाप त्या वेळी शेतात असतात. दांडगाई एकाची, पण बोल लागतो दुसऱ्याच्या बापाला. वास्तविक दारी आलेल्या वाटसरूला गूळपाणी देण्याची रीत कुठल्या दरबाराने शिकवली? ती खेड्यानेच जपली.

शब्दांचे अर्थ आपण एका दिवसात बदलू शकत नाही. पण निवडू शकतो. उद्धटाला उद्धट म्हणावे, दांडगटाला दांडगट म्हणावे. मराठीत त्यासाठी शब्दांचा तोटा नाही. दोष वागण्याचा असतो. त्यात गावाचे आणि नांगराचे नाव ओढायचे कारण नाही.